जाऊबाईंचा कच्चा दोरा

"खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवते," धाकटी म्हणाली. "आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या एकाच्याही गळी उतरलं नाही. तुम्हीही मान डोलवाल आणि मनात म्हणाल, म्हातारी थापा ठोकतेय. म्हणा बापडे. पण फ्रॉक का अडलाय असं विचारलंत ना, तर त्याचं कारण हेच, आणि ते मुळापासून ऐकल्याशिवाय कळायचं नाही."

समोरच्या खुर्चीत बसलेल्या आजीबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मुळापासून नको. माझी बस आहे संध्याकाळची. शेंड्याकडून सांगा."

"शेंड्याकडून सांगितलं तर तुम्ही उठून जाल."

हे मात्र धाकटी अगदी खरं बोलली. आजीबाईंनी उठून जाऊ नये एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता.

धाकटी ही नावाची धाकटी. डोक्यात काळा केस औषधालासुद्धा सापडला नसता, आणि गुडघे असे की उतरताना कुरकुर करायचे आणि चढताना सरळ भांडायचे. पण ती सासरी आली तेव्हा तिच्याआधी आलेली एक जाऊ घरात होती, म्हणून ती धाकटी झाली, आणि त्यानंतर उभ्या जन्मात तिला कोणी बढती दिली नाही. गल्लीतले सगळे तिला धाकट्या काकूच म्हणत. दोघी जावांचे नवरे गेले, मुलं पोटामागे लांब गेली, आणि दोघींच्या मध्ये राहिलं ते एक काम. लहान मुलींच्या फ्रॉकांवरचं स्मॉकिंग, म्हणजे चुण्यांवरचं भरतकाम.

काम एक, पण घरं दोन. भावाभावांचं कधीकाळी बिनसलं होतं, कशावरून ते आता भावांनाही आठवलं नसतं. तेव्हापासून गल्लीच्या तळाला, पाण्याच्या टाकीशेजारी जाऊबाईंचं घर, आणि माथ्याला, जिथे गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे, माडीवर धाकटीची खोली. मधली चढण अशी की मांजरसुद्धा अर्ध्या वाटेत बसून, पुढे जायचं खरंच अडलंय का, याचा विचार करायची.

जाऊबाई कापडावर टिपके मांडत, टिपक्याटिपक्यातून कच्चा दोरा घालत, ओळीखाली ओळ, आणि मग सगळे दोरे एकदम ओढून हातभर कापड वीतभर करत. कापडाला उभ्या चुण्या पडत, सगळ्या एका मापाच्या, एकमेकींना खेटून उभ्या. तशा चुण्या दुसऱ्या कोणाच्या हाताने पडत नाहीत हे धाकटी मान्य करी, फक्त जाऊबाईंच्या देखत नाही. मग ते चुणीदार कापड वर धाकटीकडे येई. ती चुण्यांच्या माथ्यांवरून रंगीत दोऱ्याने टाके घाली. कधी मधाच्या पोळ्यासारखे, कधी लाटांसारखे, मध्येच एखादं फूल. हे पक्के टाके चुण्यांना धरून ठेवतात. म्हणून सगळ्यात शेवटी कच्चा दोरा काढून टाकायचा. तो निघाला की आखडून बसलेलं कापड सैल होतं, ताणलं तर ताणतं, सोडलं तर परत येतं, आणि पोर वाढली तरी फ्रॉक तिच्या अंगाला बसत राहतो. कच्चा दोरा तसाच ठेवला तर फ्रॉक कसला, छातीला फळी बांधल्यासारखं व्हायचं.

आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच. त्या घरातली रीत अशी की कच्चा दोरा जिने घातला तिनेच काढायचा. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. दोरा निघताना चुण्यांमधली चूक उघडी पडते, एखादी चुणी जाड, एखादी पळालेली. ज्या हाताची चूक त्याच हाताला ती आधी दिसावी, दुसरीने बघून हसू नये, एवढाच सासूबाईंचा हिशेब होता. सासूबाई गेल्या, रीत राहिली. तिच्या जोडीला आणखी एक रीत होती. कापड खालून वर आणायचं आणि झालं की वरून खाली न्यायचं ते धाकटीने. का? तर ती धाकटी. त्यामुळे गल्लीत कोणाच्या लेकीला फ्रॉक हवा असला की धाकटी आधी उतरायची, मग चढायची, मग पुन्हा उतरायची आणि पुन्हा चढायची. अशी किती वर्षं गेली ते तिने मोजलं नव्हतं. गुडघ्यांनी मोजलं असावं.

मागच्या खेपेला मात्र भडका उडाला. म्हणजे बघणाऱ्याला भडका वाटला नसता, इतका तो थंड होता. धाकटी एक तयार फ्रॉक घेऊन भर दुपारी खाली गेली होती. जाऊबाईंनी मान वर न करता सांगितलं, "ठेव तिथं. आणि दार लोटून घे, ऊन येतंय आत." बस म्हणाल्या नाहीत, पाणी घे म्हणाल्या नाहीत. धाकटी दाराची चौकट धरून उभी राहिली. समोरची खुर्ची कापडाने भरलेली होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "माझ्याने आता ही चढण होत नाही. पुढचा फ्रॉक झाला की दोरे काढायला तुम्हीच वर या."

जाऊबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी? वर?"

"तुम्ही. वर."

"का? तुझ्या पायांना मेंदी लागलीय?"

"मेंदी नाही हो, म्हातारपण लागलंय."

"ते मला तुझ्या आधी लागलं," जाऊबाई म्हणाल्या, आणि पुन्हा टिपके मांडायला लागल्या.

त्याच खेपेला धाकटीने नवं चुणीदार कापड उचलून वर आणलं होतं. फिक्या पिवळ्या सुती कापडाचा, एवढासा फ्रॉक. आता त्याच्यावरचे टाके पुरे झाले होते. बाह्या जोडून झाल्या होत्या, गळ्याला पट्टी लागली होती. फक्त छातीवर कच्चे दोरे होते, आणि त्यांच्या गाठी एका बाजूला ओळीने लोंबत होत्या.

सकाळी धाकटीने निरोप पाठवला होता. निरोप नेणारा इस्त्रीवाला, पोटाने सुटलेला आणि दंडांनी मजबूत असा पन्नाशीचा गृहस्थ, गल्लीतले कपडे खालून वर आणि वरून खाली करता करता सगळ्यांचे निरोपही फुकट पोचवायचा. तो परत आला तेव्हा धाकटीने हातातली सुईसुद्धा खाली ठेवली नाही.

"सांगितलंस?"

"सांगितलं की काकू. जसंच्या तसं. फ्रॉक झालाय, दोरे काढायला बोलावलंय."

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. ऐकून घेतलं, चष्मा काढून डबीत ठेवला, आणि मी पाठ फिरवली तर मागे दार लावल्याचा आवाज आला."

"धाडकन?"

"नाही. हळूच."

"हळूच लावलं म्हणजे जास्त राग आहे," धाकटी म्हणाली, आणि तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही ओवला जाईना.

तेव्हापासून तिचे कान जिन्याकडे होते. जिन्याची मधली पायरी पाय पडला की करकरायची. दुपार झाली तरी ती एकदाच करकरली, आणि आल्या त्या आजीबाई. त्या मोठ्या रस्त्यावरून, भाड्याच्या गाडीतून थेट दाराशी उतरल्या होत्या. गल्ली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. स्वतःच्या तोंडाने "मी आता आजी आहे" हे त्यांनी जिना चढता चढताच सांगून टाकलं, म्हणून त्या आजीबाई. लेकीकडे निघाल्या होत्या, नातीचं तोंड पहिल्यांदाच बघायला. निरोप पाठवून सांगितलेला फ्रॉक घ्यायचा, पिशवीत घालायचा आणि बस गाठायची, एवढंच त्यांचं काम.

फ्रॉक हातात घेऊन त्यांनी तो इकडून तिकडून बघितला होता. "सुरेख आहे हो! पण हा असा कडक का?"

"दोरे काढायचेत अजून."

"मग काढा की."

"ते माझे नाहीत."

आजीबाईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग रीत सांगून झाली, सासूबाई सांगून झाल्या. आजीबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "बरं, मग तुमच्या जाऊबाई कुठे असतात? लांब?" आणि या प्रश्नावर, इतक्या वर्षांच्या चढणीने थकलेली धाकटी, लांब म्हणायला तोंड उघडून भलतंच बोलून गेली होती.

"लांब? छे. खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवते."

तर इथवर गोष्ट आली होती.

"एकदा काय झालं," धाकटीने सुरू केलं, "एका नाटक कंपनीचा मॅनेजर आला माझ्याकडे. पोट एवढं की आधी पोट जिना चढून आलं, मग बऱ्याच वेळाने तो."

धुतलेली अस्तरं द्यायला आलेला इस्त्रीवाला दाराशी उभा होता. त्याने आपलं पोट आत ओढलं आणि खाली बूड टेकलं. धाकट्या काकूंनी असा सूर लावला की त्याच्या निखाऱ्यांवर राख चढली तरी त्याला फिकीर नसे.

"त्याला रंगमंचाचा पडदा करून हवा होता," धाकटी म्हणाली. "स्मॉकिंगचा."

"पडद्याला कशाला स्मॉकिंग?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाला, आमच्या नाटकात काही दम नाही, निदान पडद्यात तरी असू दे."

आजीबाईंच्या तोंडून हसू निसटलं. त्यांनी ते गिळून पुन्हा घड्याळ पाहिलं.

"कापड आलं ते ट्रकमधून. ट्रक रिकामा झाला तो इतका हलका झाला की ड्रायव्हरला तो हाताने धरून न्यावा लागला. आता एवढं कापड ठेवायचं कुठे? दिलं गल्लीत उलगडून. एक टोक माझ्या दारात, एक जाऊबाईंच्या दारात. सगळी गल्ली चपला हातात घेऊन कापडावरून ये-जा करायला लागली. न्हाव्याकडे जायचं तरी आधी पाय धुवायचे."

"आणि टिपके कोणी मांडले त्याच्यावर?"

"जाऊबाईंनी. बसल्या जागेवरून."

"बसल्या जागेवरून कसे मांडतील? गल्लीभर कापड!"

"तोंडाने मांडले. त्या खाली दारात बसून ओरडायच्या, 'अजून वर, अजून वर, तिथं, हां, दे टिपका!' आणि गल्लीतले लोक बादलीतल्या निळीचा बोळा घेऊन टिपके देत वर यायचे. मग लोहाराकडून सुई घडवून आणली. पहारीएवढी. दोन बाजूंनी माणसं धरून ती कापडातून ओवत वर आली. त्यात हाही होता."

इस्त्रीवाल्याने गंभीरपणे मान हलवली. "सुईच्या नेढ्यात मी होतो. तेव्हा बारीक होतो मी."

"म्हणजे," आजीबाई म्हणाल्या, "एवढं सगळं झालं, तरी तुमच्या जाऊबाई वर आल्याच नाहीत?"

धाकटीने अंगठ्याने पिवळ्या फ्रॉकवरची एक गाठ दाबून पाहिली.

"जे झालं नाही ते कसं सांगू?" ती म्हणाली.

खिडकी उन्हामुळे लोटून घेतलेली होती. फटीतून आलेली उन्हाची पट्टी सकाळी भिंतीवर होती ती आता टेबलावर उतरली होती, रिळांच्या डब्यापाशी. जिना गप्प होता. धाकटीला एकदम फार दमल्यासारखं वाटलं, नुसतं बसून. पाठीमागच्या उशीला टेकावं, डोळे मिटावेत आणि या बाईंना म्हणावं, न्या हो तो फ्रॉक, असाच न्या. पण तसं म्हटलं की गोष्ट संपणार होती, आणि गोष्टीबरोबर दुसरंही काहीतरी. तिने पाण्याचा घोट घेतला.

"पुढे," आजीबाई म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"पुढे चुणी ओढायची वेळ आली. चुणी ओढताना एक टोक कशालातरी पक्कं लागतं, नाही तर दोऱ्याबरोबर सगळं कापडच पळून येतं. फ्रॉक असला तर आपण गुडघ्याला टाचतो, नाही तर उशीला. पण पडद्याला पुरेल असा गुडघा आणायचा कुठून? मी आपलं माझ्याकडचं टोक या खिडकीच्या गजांना बांधलं. तिथे चुकलं माझं. गज खिडकीत बसवलेले, खिडकी भिंतीत, भिंत घराला धरून, आणि घर गल्लीला. कोण कोणाला बांधलंय याचा माणूस विचार करत नाही हो."

"मग?"

"मग जाऊबाईंनी दोरे ओढले. त्यांचा हात तुम्हाला माहीत नाही. त्यांनी मारलेली गाठ आजवर कोणी सोडवलेली नाही, कापावीच लागते. आधी काही झालं नाही. मग माझ्या फळीवरच्या बश्या वाजायला लागल्या. मग रिळं टेबलावरून घरंगळली. आणि मग घर निघालं."

"निघालं? कुठे?"

"खाली. सावकाश. बोट धक्क्याला लागते ना, तसं. मी खिडकीत उभी राहून बघतेय, तर सगळ्या गल्लीला चुण्या पडत चाललेल्या! एक घर पुढे, एक मागे, एक पुढे, एक मागे, सगळी एकमेकांना खेटून. न्हावी गेला चुणीच्या माथ्यावर. त्याला एवढा वारा लागायचा की गिऱ्हाइकाचे केस कापायच्या आधीच उडून जायचे. शिंपी गेला चुणीच्या पोटात, त्याला भर दुपारी दिवा लावून बसावं लागायचं. पोस्टमन एका जागी उभा राहून सगळ्या गल्लीची पत्रं वाटायचा, पत्त्यांचा डाव वाटल्यासारखी. समोरासमोर राहणारी दोन बिऱ्हाडं होती, वर्षानुवर्षं एकमेकांशी शब्द बोलली नव्हती. त्यांच्या खिडक्या इतक्या जवळ आल्या की एकाने जांभई दिली की दुसऱ्याचा पडदा हलायचा. शेवटी बोलावं लागलं त्यांना. निदान 'जरा सरका' म्हणून तरी."

"आणि माझं दुकान?" इस्त्रीवाल्याने विचारलं. त्याला खरोखरच उत्सुकता वाटायला लागली होती.

"तुझं दुकान दोन घरांच्या मध्ये दाबलं गेलं. तुला इस्त्री फिरवावीच लागायची नाही. कपडे भिंतींच्या मध्ये धरायचे, की कडक."

इस्त्रीवाल्याने मांडीवर थाप मारली.

"आणि माझी ही खिडकी," धाकटी म्हणाली, आणि तिने त्या लोटलेल्या खिडकीकडे बोट केलं, "जाऊबाईंच्या खिडकीला जाऊन भिडली. गजाला गज. मी इकडून हात काढला की त्यांचा हात. फ्रॉक झाला की मी इकडून द्यायचा, त्यांनी तिकडून घ्यायचा. चढण नाही, उतरण नाही. सकाळी खिडकी उघडली की आधी त्याच दिसायच्या, तोंडात सुई धरलेल्या. सुई काढून विचारायच्या, 'झोप लागली का गं तुला?'"

हे शेवटचं वाक्य तिने गोष्टीच्या आवाजात म्हटलं नाही. इस्त्रीवाला आपल्या हातांकडे बघायला लागला. आजीबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे, आणि मग बंद खिडकीकडे. त्या आजी असतील, पण खुळ्या नव्हत्या.

रस्त्यावर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"बाई," आजीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी बसले असते हो. पण ही बस चुकली तर उद्याशिवाय दुसरी नाही. फ्रॉक द्या मला असाच. दोरे मी घरी जाऊन काढीन, लेक आहे ना, ती काढील. नाही तर तुम्ही काढा. मिनिटाचं काम आहे. तुमच्या जाऊबाईंना कळणारसुद्धा नाही."

"त्यांना कळेल," धाकटी म्हणाली.

"कसं?"

"मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार नाही, त्यावरून."

कच्चा दोरा कोणीही काढू शकतं, हे तिलाही ठाऊक होतं. गाठ कापायची, दुसऱ्या बाजूने टोक धरायचं आणि ओढायचं. पण एकदा तिने काढला की जाऊबाईंनी वर यायचं कारण उरत नव्हतं, आणि तिने खाली जायचंही. मग टिपके मांडायला छापील कागद मिळतात, चुण्या घालायचं यंत्र मिळतं, वळवायच्या दांड्याचं. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात तिने ते पाहिलंही होतं. सगळ्याची सोय असते. एवढी वर्षं दोघी एकमेकींशी धड गोड बोलल्या नव्हत्या, पण कापड खाली गेलं होतं आणि वर आलं होतं. तेवढ्याने धरलं होतं.

आणि तिला चढवत नव्हतं. ही एवढी साधी गोष्ट होती, आणि ती कोणाच्या कानात शिरत नव्हती. ती रागावलेली नव्हती. राग यायलासुद्धा अंगात जोर लागतो. जाऊबाई येणार नाहीत. येणार असत्या तर केव्हाच आल्या असत्या. दार लावून घेतलं, संपलं. आता या परक्या बाईने आपल्या नातीला किती वेळ थांबवायचं?

तिने डब्यातून कात्री काढली.

इस्त्रीवाला पुढे सरकला. "काकू, मी पुन्हा एकदा जाऊन बघू का खाली? पळत जातो."

"तुझं पळणं मी पाहिलंय. बस."

आजीबाईंना बरं वाटायला हवं होतं, पण काही केल्या वाटेना. कात्री गाठीशी जाताना बघून त्यांनी उगाचच विचारलं, "मग त्या गल्लीचं पुढे काय झालं? लोक चिडले नाहीत?"

धाकटीचा हात थांबला.

"चिडले की," ती म्हणाली. तिचा आवाज आता संथ झाला होता, निजताना बोलावा तसा. "शिंपी दिवे लावून लावून कंटाळला. न्हाव्याचं डोकं वाऱ्याने दुखायला लागलं. सगळे मिळून गेले जाऊबाईंकडे, म्हणाले, दोरा काढा, आमची गल्ली मोकळी करा. जाऊबाई म्हणाल्या, दोरा मी घातलाय, मला वाटेल तेव्हा काढीन."

"आणि केव्हा काढला?"

"नाहीच काढला."

"म्हणजे गल्ली अजून तशीच?"

"अजून तशीच."

"मग मारा की हाक खिडकीतून!" आजीबाई म्हणाल्या. हे बोलताना त्या हसत नव्हत्या.

"आज त्यांनी लावून घेतलीय," धाकटी म्हणाली.

तिने फ्रॉक मांडीवर घेतला. कडेची पहिली गाठ चिमटीत धरली. गाठ बारीक होती, घट्ट, जाऊबाईंची. कात्रीची पाती तिने गाठीच्या दोन्ही बाजूंना आणली आणि तिथेच ठेवली. गोष्ट पुरी करायची राहिली होती, आणि अर्धी गोष्ट टाकून उठायची तिला सवय नव्हती.

"एखादा दिवस लावून घेतात," ती फ्रॉककडे बघत म्हणाली. "उद्या उघडतील. जवळ राहिलं की तेवढं चालायचंच. पण बघा ना बाई, या वयात केवढी सोय झाली आमची. मला कुठे जावं लागत नाही, त्यांना कुठे यावं लागत नाही. खिडकीतून हात काढला की झालं. कोणाला एक पाऊल म्हणून चालावं लागत नाही."

"थाप!"

मधली पायरी करकरली होती का, हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही. दारात जाऊबाई उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात चष्म्याची डबी, तोंड लालबुंद, आणि श्वास असा चाललेला की पुढचा शब्द यायला जरा थांबावं लागलं. इस्त्रीवाला उठून भिंतीला चिकटला. आजीबाईंनी आपली खुर्ची रिकामी केली, पण जाऊबाई अजून बसायला तयार नव्हत्या.

"एक पाऊल चालावं लागत नाही म्हणे!" त्या म्हणाल्या. "सकाळी निरोप आला तशी दार लावून निघालेय मी, दिसेल त्या पायरीवर बसत, ती आत्ता पोचतेय. ठेव ती कात्री खाली, दोरा माझा आहे. आणि तुझी गल्ली केवढी झालीय ते या माझ्या गुडघ्यांना विचार, खोटारडे!"